वॉकर म्हणजे चालणारा? साफ चूक!

चरखासूत: वॉकर आडनाव दिसलं की आपण त्या माणसाला चालवायलाच लागतो. जॉनी वॉकर व्हिस्कीच्या बाटलीवरचा काठीवाला बाबाही चित्रकार टॉम ब्राऊनने 1908 साली असाच तरातरा चालता काढला. मूळचा वॉकर मात्र कुठे जात नसे. हौदात उभा राहून तो विणलेलं लोकरी कापड पायांनी तुडवायचा. पाण्यात शिळं मूत्र (हो, मूत्रच) आणि आपल्या मुलतानी मातीसारखी माती. त्याने तेलकटपणा निघायचा, वीण घट्ट बसायची.

रानवाट: एवढं ठणकावून सांगू नका. इंग्लंडात राजाच्या राखीव रानांत गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही वॉकर म्हणत. आडनाव तिथून आलं नसेल कशावरून?

चरखासूत: नकाशावरून. हेच काम करणारा इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हनकडे टकर, दक्षिणेत आणि पूर्वेला फुलर, उत्तरेत वॉकर. रखवालदार असता तर नेमका फुलर-टकरांच्या मुलखातच का विरळ झाला असता? जर्मनमध्ये आजही ‘वाल्कन’ म्हणजे कापड असं घोटणं. जुन्या इंग्रजीतही ‘वॉक’च्या मूळ क्रियापदाचा अर्थ घोळणं, लोळवणं असाच. पायी चालणं नंतर आलं.

रानवाट: नकाशाचं पटलं. पण म्हणून सगळेच्या सगळे वॉकर तुडवणारे? एकाच आडनावाला दोन उगम असू शकतात की. शिवाय बाराव्या शतकाच्या अखेरीस कापड कुटणारे पाणचक्कीचे हातोडे आले, मग पाय कुणाचे चालत होते?

चरखासूत: काम यंत्राकडे गेलं, नाव राहिलं. आपल्याकडे कुलकर्णीपण गेलं म्हणून कुलकर्णी आडनाव बदललं का? एखादा रखवालदार त्यात असेलही, पण अपवादावरून अर्थ ठरवू नका.

ओवीवाली: तुम्ही दोघं पुरुषांचेच पाय मोजताय. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर हे काम बायका करत, विसाव्या शतकातही. टेबलाभोवती बसून ओलं कापड हातांनी आपटायचं, एकीने गाणं म्हणायचं, बाकीच्यांनी पालुपद. जात्यावरच्या ओव्यांची बहीणच! त्यांच्यातल्या कुणाचं आडनाव झालेलं दिसत नाही.

रानवाट: हे मान्य. हौदाचंही अर्धं मान्य. गेल्या हिवाळ्यात लोकरी स्वेटर गरम पाण्यात टाकून खसाखसा चोळला. जाडजूड, घट्ट झाला, आणि आता भाच्याला येतो.