क्वारीचा राडा शेतात आला, जेसीबीचं भाडं कुणी द्यायचं?

तांबडी माती: गाव बेळगाव तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. वरच्या अंगाला बंद पडलेली दगडाची क्वारी आहे. आषाढात पाऊस लागून राहिला आणि काठावर रचलेला राडारोडा कड्यासकट खाली आला. ओढा तुंबला, 11 जणांचं भात गेलं. माझ्या 20 गुंठ्यांत गुडघाभर मुरूम आहे, रोपलावणी होऊन बारा दिवस झाले होते. काल देवळात बैठक झाली. घरटी 500 रुपये काढून जेसीबी लावायचं ठरलं. मी म्हटलं, देणार नाही. ज्यानं दगड विकला त्यानं उपसावं. सगळे असे बघालते की जणू मीच ढीग ढकललाय. माझं काय चुकलं?

टिप्परमामा: क्वारी चालू होती तेव्हा गावातली पोरं तिथंच कामाला होती की. माझ्या टिप्परचे हप्ते त्याच दगडावर फिटले. रॉयल्टी सरकारनं घेतली, भाडं जमीनमालकानं, यात्रेचा मांडव गावानं. आता एकट्या क्वारीवाल्याच्या नावानं शिमगा कशाला? आणि तो आहे कुठं? लीज संपली, क्रशरचे पत्रेसुद्धा विकून गेला. दे की 500.

तांबडी माती: मांडव एक दिवसाचा, मुरूम जन्माचा. हिशोब कसा जुळवालास?

कोर्ट आवार: मामा, मांडव दिला म्हणून जबाबदारी सुटत नाही. हरित लवाद म्हणजे पर्यावरणाचं कोर्ट, त्याच्या 2010 च्या कायद्यात ‘प्रदूषण करणारा भरेल’ हे तत्त्व लिहिलेलंच आहे. अर्ज पाच वर्षांच्या आत करायचा. राजस्थानातल्या बिछडीची माती साफ करायचा खर्च 1996 ला सुप्रीम कोर्टानं रासायनिक कारखान्यांवरच टाकला.

टिप्परमामा: आणि 2011 लाही त्या वसुलीचं प्रकरण कोर्टातच होतं, तेही सांगा. आपला लवाद चेन्नईला. पुणं जवळ, पण ते महाराष्ट्राचं! चेन्नईच्या तिकिटाला परत वर्गणी काढायची काय?

कोर्ट आवार: म्हणूनच पैसा आधी अडकवायचा असतो. बॉक्साइटसारख्या मोठ्या खनिजाला केंद्राच्या 2017 च्या नियमात खाण बंद करायचा आराखडा आणि हेक्टरी हमीची रक्कम आहे. बांधकामाचा दगड पडला गौण खनिज, तिथं राज्याचे 1994 चे नियम. लीज देतानाच भरपूर गॅरंटी घेतली असती तर आज मालकाला शोधत बसायला नको होतं. 2015 च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज निधी आलाय, तो खाणबाधित गावांसाठीच. ग्रामपंचायतीच्या पीडीओला (विकास अधिकाऱ्याला) ठराव करायला लावा, डीसींकडे म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

सूनबाई, खानापूर: पंचनामा झाला काय? आमच्याकडं जेसीबी आधी लावला, तलाठी चार दिवसांनी आला आणि विचारला, ‘कुठाय ढीग?’ आधी फोटो, मग बादली.

कोर्ट आवार: लाख बोललात. आणि वर्गणीबद्दल एक. 1966 ला वेल्समधल्या अ‍ॅबरफान गावावर कोळसा खाणीचा राडा घसरला. 144 माणसं गेली, त्यातली 116 मुलं. डोंगरावर उरलेले ढीग काढायला सरकारी कोल बोर्ड पूर्ण खर्च देईना, तेव्हा लोकांनी गावासाठी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड उचलले. ते परत आले 1997 ला, बिनव्याजी.

टिप्परमामा: बरं, ते वाईटच झालं. पण ओढा आज तुंबलाय. पुढच्या पावसात पाणी घरात शिरलं तर हमीची रक्कम पोहायला येणार नाही. माझा टिप्पर फुकट लावतो, डिझेल तेवढं घाला.

तांबडी माती: ठीक. आज पंचनामा झाला, ढिगावर काठी उभी करून फोटो काढले. नोटीस कन्नडमध्येच होती, पुतण्यानं वाचून दाखवली, मग सही केली. 500 द्यायला गेलो, म्हटलं पावतीवर ‘वर्गणी’ नको, ‘उसने, क्वारीवाल्याकडून वसूल होणे’ असं लिहा. कारभारी म्हणाला, पावतीपुस्तक गणपती मंडळाचं आहे, वर बाप्पाचं चित्र आणि खाली ‘सप्रेम देणगी’ छापलंय. मी पेनानं ‘सप्रेम’ खोडलं.