नाशिक ते नगर एका दिवसात सायकलने, सोबत गाडी आहे, ड्रायव्हरने नेमकं काय करायचं?

गंगापूररोडची_सायकल:
डिसेंबरात आम्ही तिघी मैत्रिणी पंढरपूरला सायकलने निघतोय, पहिला मुक्काम नगर (अहिल्यानगर), साधारण १६० किमी. रस्ता सिन्नर, नांदूर शिंगोटे, लोणी, कोल्हार, राहुरी असा. गाडी माझे मामा चालवणार, हात एकदम पक्का आहे पण सपोर्टला पहिल्यांदाच येतायत. ते म्हणतात मी दिवसभर तुमच्या मागेच राहतो, पोरींना एकटं सोडणार नाही. मला ते काही पटत नाहीये, पण त्यांना समजावू कसं? कोणी केलंय का असं?

स्टेपनी:
ताई मी सायकल कमी, मित्रांच्या राईडला गाडीच जास्त चालवतो. दिवसा मागे मागे अजिबात नको. हायवेला २० च्या स्पीडने गाडी चालली की मागून येणारा ट्रक तिला ओव्हरटेक करायला बाहेर पडतो, पुढे तुम्ही आहात हे त्याला दिसतच नाही आणि तो लगेच डावीकडे आत घेतो, म्हणजे थेट तुमच्या अंगावर. शिवाय मामा दिवसभर सेकंड गिअरला, क्लच करून करून पाय भरून येतो. त्यांना सांगा १०-१२ किमी पुढे जाऊन थांबायचं, वळणापासून लांब, डांबर पूर्ण सोडून, आणि गाडी कायम तुमच्याच बाजूला, म्हणजे पाण्यासाठी कुणाला रस्ता ओलांडायला नको. तिघीतली शेवटची पुढे गेल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मोहदरी घाटात थांबू नका म्हणावं, सरळ सिन्नरला थांबा. पंप, ट्यूब, केळी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हे मागच्या सीटवर हाताशी, कपड्यांच्या बॅगा डिकीत. आणि प्रत्येकीच्या सायकलला स्वतःची एक ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि छोटा पंप हवेतच, गाडी १२ किमी पुढे असताना पंक्चर झालं तर काय करणार?

नाशिककर_ब्रेव्हे:
वरच्यांशी सहमत, पण अंधारात गाडी मागे असलेली बरी असं माझं मत. आपल्या नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ ला रेस ॲक्रॉस अमेरिका केली, सुमारे ४८०० किमी, दोघांची टीम, नऊ दिवसांच्या आत. तिथे रात्री सपोर्ट गाडी सायकलच्या मागेच हवी असा नियमच आहे, तिच्या हेडलाईटमध्ये सायकल चालवतात.

स्टेपनी:
दादा त्यांची क्रू महिनोन्‌महिने तयारी करून जाते, इथे मामा पहिल्यांदा येतायत आणि डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा सीझन. लोणी-कोल्हार-राहुरी पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागे लाल लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही, अशा ट्रॉल्या अंधारात गाडीवाल्यालाच दिसत नाहीत. माझं म्हणणं अंधारात सायकल चालवूच नका. साडेसहाला उजाडायला लागलं की निघा, सहाला संध्याकाळ होतेच, राहुरीपासून नगर पुढे ३५-४० किमी आहे. चारपर्यंत राहुरी गाठली नाही तर सायकली गाडीवर. आणि हा निर्णय मामांचा, तुमचा नाही, तुम्ही दमलेल्या असणार आणि "अजून थोडंच राहिलंय" म्हणणार.

सिडकोची_आई:
मामांच्या जेवणाचं कुणी बोललंच नाही! माझे मिस्टर दोन वर्षं गाडी घेऊन येतात, सगळ्यांना भरवतात आणि स्वतः चहा-बिस्किटावर दिवस काढतात. लोणीला सगळ्यांनी मिळून जेवा, नंतर अर्धा तास त्यांना सीट मागे करून झोपू द्या, तुम्ही तोवर पाय मोकळे करा. त्यांचा डोळा लागला तर तुमच्या सपोर्टला अर्थ काय? आणि रात्री मुक्कामाला त्यांना वेगळी खोली बघा, तुम्ही तिघी बारापर्यंत गप्पा मारणार.

गंगापूररोडची_सायकल:
ट्रकचा मुद्दा मामांना वाचून दाखवला, लगेच पटला, आता स्वतःच थांब्यांची यादी करायला बसलेत. चारचं राहुरी तिघींना मान्य. फक्त एक राहिलं, गाडी हॅचबॅक आहे, डिकीच्या दाराला लावायच्या कॅरिअरवर तीन सायकली बसतात का, की टपावरच घ्यावा?

स्टेपनी:
बसतात, पण लाईट आणि नंबरप्लेट झाकली जाते. टपावरचाच घ्या, फक्त हॉटेलच्या कमानीखालून गाडी घालताना मामांना आठवण करा.