घरात ससा आहे: गोव्यातल्या घरांचे अनुभव

फोंड्याहून: सुरुवात मीच करते

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने मुलासाठी सशाची दोन पिल्लं आणली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, गाजर द्या आणि पाणी देऊ नका, पाणी प्यायला की ससा मरतो. आम्ही ते खरं धरलं. एप्रिलचे दिवस होते. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अगो, जीव आहे तो, पाण्याशिवाय कसा राहील?" उलट मीच त्यांची समजूत घातली, की पाल्यातून मिळतं सगळं. नवव्या दिवशी पांढरं पिल्लू गेलं. दुसरं टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी तपासायच्याही आधी एका वाटीत पाणी ओतून त्याच्यापुढे ठेवलं. ते पिल्लू किती वेळ पीत राहिलं, ते मला अजून दिसतं.

तोच आमचा बिबो. ओल्या काजूगरासारखा रंग, म्हणून मुलाने ठेवलेलं नाव. उन्हाळ्यात तो दिवसाला पाव लिटर पाणी संपवतो. बाटलीला तोंड लावत नाही, जड मातीचं भांडं लागतं. गाजर आता आठवड्यातून एखादी चकती, कारण त्यात साखर फार. खरं जेवण म्हणजे सुकं गवत, सकाळ-संध्याकाळ, हवं तितकं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले होते. नऊ दिवस आम्ही त्या दोघांना गाजर आणि पोळी घालत होतो.

तुमच्याकडे ससा असेल, पूर्वी होता, आणायचा विचार असेल, तर लिहा. कौतुकं लिहाच, पण चुकलं ते आधी लिहा. ते पुढच्या घराच्या उपयोगी पडतं.

मडगावहून

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. "दोघी बहिणी आहेत" असं सांगून दिलेले ससे चार महिन्यांचे झाले आणि एका सकाळी त्यातली थोरली तोंडात वर्तमानपत्राचे कपटे भरून कपाटामागे नेताना दिसली. मग ती स्वतःच्या पोटावरचे केस उपटायला लागली. मला वाटलं त्वचेचा रोग झाला. दुसऱ्या दिवशी त्या केसांच्या गादीत सहा पिल्लं होती. उघडीबोडकी, डोळे मिटलेली, करंगळीएवढी.

आई त्यांच्याकडे फिरकेना. दिवसभर बाल्कनीत पाय पसरून पडून. आमच्या वहिनी म्हणाल्या टाकलं हिने, आणि आम्ही ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. एक पिल्लू दूध नाकात जाऊन गेलं, दुसरं रात्री. नंतर कळलं की सशाची आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही पाच मिनिटं दूध पाजते आणि लांब राहते, म्हणजे शिकाऱ्याला घरट्याचा माग लागत नाही. पिल्लाचं पोट गोल आणि घट्ट असेल तर ते उपाशी नाही. बाकीची चार मोठी झाली. दहाव्या दिवशी डोळे उघडले.

दुसरी चूक अशी, की दुसरी "बहीण" म्हणजे नर निघाला आणि त्याला आम्ही त्याच खोलीत ठेवलं. व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा वितेसुद्धा. तसंच झालं. नंतर दोघांची नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. मादीची तर करावीच, तिला वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग होण्याची भीती मोठी असते. आणि हे लक्षात ठेवा: कुत्र्यामांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, सशाला ठेवायचं नाही. त्याला उलटी होतच नाही, आणि रिकामं राहिलं तर त्याचं आतडं थांबतं. डॉक्टर सशांचे जाणकार आहेत की नाहीत, हे या एका प्रश्नावर समजतं.

डिचोलीहून

मी निवृत्त शिक्षक. ससा नातीचा. ती पुण्याला शिकायला गेली, ससा आमच्याकडे राहिला. आमच्या मंडळींना, म्हणजे सौभाग्यवतींना, जनावर घरात नको होतं. मागच्या पडवीत पिंजरा ठेवा म्हणाल्या. पहिल्याच मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि तो आडवा पडून तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला. कानाला हात लावला तर चटका बसावा इतका गरम. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. मुंबई-पुण्याकडचे लोक तापमानाचा आकडा विचारतात. आपल्याकडे पारा तेहतीस दाखवत असला तरी हवेतला दमटपणा असा असतो की ती उष्णता जायला वाट नसते. तीस अंशांच्या पुढे मी त्याला एकटा सोडत नाही.

मंडळींनीच ओला पंचा आणून त्याचे कान पुसले. गार पाण्यात बुडवायचं नाही, धक्क्याने जातात. कान ओले करायचे, वारा घालायचा आणि डॉक्टर गाठायचे. त्या दिवसानंतर पिंजरा मागच्या पडवीत परत गेला नाही.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं, भिंती जाड. देवघराच्या बाजूच्या खोलीत कोब्याची जमीन आहे, ती दुपारीही थंड. तो तिथे पोट टेकून पडतो. मार्च ते मे पाण्याच्या चार बाटल्या बर्फ करून ठेवलेल्या असतात, एक कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी. वीज गेली की दुसरी. शेजारचा मुलगा आता न सांगता त्याच्या फ्रीजमधली बाटली घेऊन येतो.

पहाटे पाचला मंडळी चहा ठेवतात तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात हजर. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा. ही त्याची खरी जागी वेळ, मधल्या दुपारी तो झोपतो. मी पाटावर बसलो की हनुवटी पाटाच्या कडेला घासून जातो. हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते, तो पाट आपला असल्याचं नोंदवतो. नातीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आजोबा, तो तुम्हालाही घासेल एक दिवस. परवा घासलं.

सत्तरीतून

ससा पाळलेला नाही, पण सांगायला हवं. काजूच्या बागेत गवत कापताना भावाला रानसशाचं पिल्लू मिळालं. तपकिरी, अंगभर केस, डोळे उघडे. मुलांनी घरी आणलं. शेजारच्या काकांनी समजावलं की पाळायचा ससा वेगळा आणि हा वेगळा. पाळीव ससा मूळचा पोर्तुगाल-स्पेनकडचा, बिळात राहणारा. आपला रानससा बीळ करत नाही, पिल्लं उघड्यावर गवतात ठेवतो आणि आई अंधार पडता पडता येऊन पाजून जाते. त्याला 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी ठेवता येत नाही. त्याच संध्याकाळी, कापलेल्या कडेपासून दोन पावलांवर, होतं तिथेच ठेवून आलो. सकाळी नव्हतं. आईने हलवलं असेल असं आम्ही धरून आहोत.

पेडण्याहून

आमच्याकडे पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या बेगमीत, सुक्या मिरच्या, सोलं, सुकी मासळी यांच्याबरोबर सशाचं गवतही असतं. आई मे महिन्यातच विचारते, "सोंशाचं भरलंस?" जूनमध्ये पाऊस लागला की सुकं गवत मिळत नाही, मिळालं तर आत बुरशी. बुरशीचं गवत एकदा चुकून गेलं आणि चार दिवस औषधं चालली. आता पत्र्याच्या दोन पिंपांत, झाकण घट्ट लावून, खाली विटा देऊन ठेवते. उघडीप मिळाली की सगळं बाहेर काढून उन्हात. हाताला थंड लागलं किंवा वास बदलला तर सरळ टाकून देते, कितीही पैसे गेलेले असोत. भाताचा पेंढा अंथरायला चांगला. पोटाला आधार म्हणून नुसता तोच देऊन चालत नाही, त्यात कस नसतो.

आता अवघड गोष्ट. आमची म्हातारी ससीण जाड झाली होती. ससे पहाटे मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या टाकतात आणि तिथल्या तिथे तोंड लावून खातात. घाण नाही ती, त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. तिला वाकून तिथवर पोचता येत नव्हतं, ते केसांना चिकटून राहायचं. ऑगस्टचा महिना, माश्या. एका सकाळी ती जागची उठली नाही. शेपटीखालचे केस बाजूला केले तर अळ्या. आदल्या दिवशी काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. डॉक्टरांनी दीड तास बसून काढल्या, पण ती वाचली नाही.

पावसात रोज दोनदा ससा उलटून पाठीमागची बाजू बघा. दोनदा. ओलं असेल तर पुसून कोरडं करा. आणि माश्या-गोचिडांसाठी कुत्र्याचं औषध सशाला लावू नका, त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

वास्कोहून

थोडक्यात. बाथरूमच्या पांढऱ्या लादीवर लाल डाग दिसले, ससा हातात घेऊन रात्री दहाला दवाखाना शोधत फिरलो. रक्त नव्हतं. पाल्यातल्या रंगामुळे सशाची लघवी केशरी, लाल, विटकरी अशी होऊ शकते. आम्ही दोन दिवस तांबडी भाजी घालत होतो. तरीही तपासून घ्या. जोर करूनही थेंबथेंब येत असेल तर तो मुतखडा असू शकतो.

साखळीहून

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. माझी मुलगी सात वर्षांची होती. ससा तिचा फार लाडका. उचलून बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, नेत होती, त्याने झटका दिला. तिने सोडलं नाही, उलट घट्ट धरलं, कारण पडेल म्हणून. सशाच्या मागच्या पायांत जोर फार आणि पाठीचा कणा हलका. स्वतःच्याच लाथेने मोडतो. मागचे पाय गेले.

दोष तिचा नव्हता. मी तिला शिकवलं नव्हतं की सशाला उचलून घेतलेलं आवडत नाही, जमिनीवर बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी धरून. कानाला धरून तर कधीच नाही. ती आता तेरा वर्षांची आहे. शेजाऱ्यांकडे ससा आहे, तिथे जाते, लादीवर पालथी झोपते आणि तो तिच्या केसांतून फिरतो. उचलत नाही.

पर्वरीहून

साखळीच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या घरी लहान मुलं येतात, त्यांना हेच वाचून दाखवलं.

माझा विषय चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. दरवर्षी गावच्या घरी पाच दिवस, वीस माणसं. ससा बरोबर नेतो. पहिल्या वर्षी त्याने माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, पडलेली पानं चघळली आणि पूजेसाठी निवडून ठेवलेल्या दुर्वांच्या जुड्यांतली एक संपवली. काकी रागावतील वाटलं, त्या म्हणाल्या राहू दे, गणपतीच्या घरचं खाल्लं. खरा त्रास संध्याकाळी झाला. आरती संपली आणि अंगणात फटाक्यांची माळ लागली. त्याने मागचा पाय जमिनीवर असा आपटला की दुसऱ्या खोलीत ऐकू आलं, मग पलंगाखाली शिरला तो बाहेर नाही. आम्ही समजलो घाबरलाय, येईल. सकाळपर्यंत एक लेंडी नाही, समोरची कोथिंबीर तशीच.

सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंडी टाकली नाही, तर ते उद्यावर टाकायचं दुखणं नाही. आतडं थांबलेलं असतं, आत वायू धरतो, दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. चवथीच्या दिवसांत दवाखाने बंद. एका डॉक्टरांनी घरी बोलावलं, वेदनाशामक दिलं, गवताची पेज सिरिंजने भरवायला शिकवलं. दर तीन तासांनी भरवत होतो, पोट हलक्या हाताने चोळत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे चार लेंड्या पडल्या. लहान, सुक्या. काकीने त्या बघायला सगळ्यांना उठवलं.

आता चवथीला आणि दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्री तो मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत असतो, पंखा मोठा करून, मी त्याच्याबरोबर. सण कुठेही असो, आधी कुठला डॉक्टर उपलब्ध आहे ते विचारून ठेवतो. अजून एक, घरात शिल्लक असलेलं प्रतिजैविक सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि तो जातो.

पुन्हा फोंड्याहून

सगळं वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. पेडण्याच्या बाईंचं ऐकून त्या उठल्या आणि बिबोला उलटा करून बघून आल्या. कोरडा होता.

ससा वायरी आणि फर्निचर कुरतडतो त्याचं काय करता, आणि तो एकटा राहतो का, असं दोघांनी विचारलंय म्हणून सांगते: वायरींना आम्ही प्लास्टिकच्या नळ्या घातल्या आहेत, आणि चावायला पेरूच्या ताज्या फांद्या देतो, औषध न मारलेल्या झाडाच्या. त्या मिळाल्या की खुर्चीचे पाय वाचतात. एकटा ठेवू नये हे खरं आहे. बिबोला एकटं ठेवल्याची खंत मला आहे. डिसेंबरमध्ये मडगावच्या ताईंच्या पिल्लांतली एक, शस्त्रक्रिया झालेली, आमच्याकडे येणार आहे. ओळख हळूहळू करून द्यायची, आधी मध्ये जाळी ठेवून.

आता सात वाजलेत, सासूबाई तुळशीपुढे दिवा लावतायत. बिबो बाल्कांवात दोनदा हवेत उडी मारून, अंगाला पीळ देऊन, त्यांच्या पायाशी जाऊन बसलाय. त्यांनी तुळशीचं एक पान खुडलं, मंजिरी काढून टाकली, आणि त्याला दिलं.