मदत हवी आहे : हरसिलचा फ्रेडरिक विल्सन, त्याची पत्नी गुलाबी आणि तीन मुलगे यांच्या नोंदी कशा शोधाव्यात?

नमस्कार.

मी रेल्वेच्या रूळ-देखभालीच्या कामातून निवृत्त झालो आहे. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षे लाकडी स्लीपरच्या, म्हणजे रुळांखाली आडव्या बसवलेल्या लाकडी तुळयांच्या, मार्गावर गेली. तीन वर्षांपूर्वी गंगोत्रीला जाताना हरसिल येथे मुक्काम केला होता, तेव्हा तिथल्या एका वृद्ध दुकानदाराने समोरच्या देवदारांकडे हात करून सांगितले की, रेल्वेच्या रुळांखाली पहिल्यांदा इथलेच लाकूड गेले आणि ते नेणाऱ्या साहेबाची सासुरवाड पलीकडच्या मुखबा गावात होती. तेव्हापासून त्या साहेबाचा, म्हणजे फ्रेडरिक विल्सनचा, मी शोध घेत आहे. व्यवसायाविषयी बरेच हाती लागले, परंतु कुटुंबापाशी येऊन शोध थांबला आहे, म्हणून हा धागा काढला.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विल्सन हा इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1840 च्या दशकात टेहरी संस्थानातील भागीरथीच्या वरच्या खोऱ्यात स्थिरावला. आरंभी कस्तुरीमृग आणि मोनाल पक्षी यांच्या शिकारीवर त्याचा चरितार्थ चाले. पुढे टेहरीच्या राजाकडून त्याने देवदार तोडण्याचा ठेका मिळवला. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानात लोहमार्गांचे काम वेगाने वाढले आणि त्याबरोबर याचे नशीबही पालटले.

या व्यवहाराचे मर्म माझ्यासारख्याला लगेच कळते. आमच्या ब्रॉडगेज मार्गावर किलोमीटरला 1540 स्लीपर हे एक नेहमीचे प्रमाण होते आणि प्रत्येक स्लीपर सुमारे पावणेतीन मीटर लांबीचा असे. देवदाराच्या लाकडात तेल असते, त्यामुळे ते वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही. साल वृक्षाचे लाकूड त्याहून टणक खरे, पण ते ओले असताना पाण्यात बुडते, तर देवदार तरंगतो. ज्या खोऱ्यात बैलगाडीचा रस्तासुद्धा नव्हता तिथून लाकूड नदीत सोडून थेट हरिद्वारला अडवून काढायचे, ही योजना विल्सनने मोठ्या प्रमाणावर राबवली. त्यासाठी किती जंगल तुटले, हा विचार मला त्या उतारांवर उभे असताना अस्वस्थ करून गेला. 1865 मध्ये ब्रिटिश सरकारने टेहरीची जंगले स्वतःच पट्ट्याने घेतली. तोवर विल्सन इतका मोठा झाला होता की त्याच्या नावाची एक रुपयाची नाणी त्या भागात चालत असत आणि लोक त्याला राजा म्हणत. भागीरथीला मिळणाऱ्या जाड गंगा नावाच्या नदीवर भैरवघाटीजवळ त्याने झुलता पूल बांधला. लोक पुलावर पाय ठेवायला धजेनात, तेव्हा त्याने स्वतः त्यावरून घोडा दौडवला, अशी कथा आजही सांगितली जाते. हरसिलचा त्याचा देवदारी बंगला 1997 मध्ये आगीत जळाला. तिथल्या सफरचंदाच्या बागाही त्याच्याच नावावर सांगतात. 1883 मध्ये तो वारला आणि मसुरीच्या कॅमल्स बॅक रस्त्यावरील दफनभूमीत त्याला पुरले.

आता माझी अडचण. विल्सनच्या लाकडाचा हिशेब सरकारी दप्तरात मिळतो, पण ज्या स्त्रीमुळे तो या खोऱ्याचा झाला ती गुलाबी मुखबाच्या ढोल वाजवणाऱ्या घराण्यातली होती, एवढ्यावरच सगळे लेखक तिला सोडून देतात. मुखबा हे गंगोत्रीच्या पुजाऱ्यांचे गाव. हिवाळ्यात गंगामाईची मूर्ती तिथेच येते. अशा गावात वाजंत्री घराण्यातील मुलीने गोऱ्या माणसाशी संसार मांडला, तर तिच्या माहेरच्यांना काय सोसावे लागले असेल, हे मला जाणून घ्यायचे आहे. त्यांना नॅथॅनिएल, चार्ल्स आणि हेन्री असे तीन मुलगे झाले. गावकऱ्यांनी नॅथॅनिएलला नथू आणि हेन्रीला इंद्री केले. या तिघांविषयी जुलमाच्या आणि शापाच्या कथा पुष्कळ आहेत, कागद मात्र मला मिळालेला नाही.

माझा पहिला प्रश्न चर्चच्या नोंदींविषयी आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस (हिंदुस्थानचा कारभार लंडनहून पाहणारे खाते) दप्तरात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी इलाख्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. बंगालसाठी एन/1 आणि मुंबईसाठी एन/3. मसुरी बंगालच्या मालिकेत येते. पुणे, खडकी किंवा देवळालीच्या जुन्या कबरींचा अभ्यास करताना ज्यांनी एन/3 वापरले असेल त्यांनी कृपया सांगावे, की आई ख्रिस्ती नसताना मुलांचा बाप्तिस्मा झाला असेल तर नोंदीत आईचे नाव लिहीत की गाळत? आणि आडनाव इतके सामान्य असताना शोध नेमका कसा आवळावा?

दुसरा प्रश्न सैन्याचा. विल्सन पहिल्या अफगाण युद्धानंतर पलटणीतून पळाला, असे बहुतेक ठिकाणी छापलेले आढळते. पळपुट्याने पुढे सरकारशी उघडपणे कंत्राटे केली, हे मला पटत नाही. राणीच्या पलटणींची हजेरीपत्रके लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 12 या मालिकेत आहेत, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांच्या याद्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. पलटण ठाऊक नसताना यांपैकी सुरुवात कुठून करावी? इंग्लंडमध्ये राहणाऱ्या सदस्यांपैकी कोणी तिथे प्रत्यक्ष काम केले असल्यास त्यांचा अनुभव मोलाचा ठरेल.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या उपाध्यायांच्या वहीत माझ्या पणजोबांची स्वाक्षरी मी पाहिली आहे. हरिद्वारच्या पंड्यांकडेही तशाच वह्या असतात, पण त्यांत मुखबाच्या वाजंत्री घराण्यांची नोंद होत असे का? गढवालात ही घराणी गाणी आणि वंशकथा तोंडपाठ जपतात. त्यामुळे गुलाबीची हकिकत कागदापेक्षा ढोलाच्या साथीने गायल्या जाणाऱ्या गाण्यांत सापडेल, असे मला वाटते. गढवाली लोकगीतांचे ध्वनिमुद्रण किंवा संकलन कोणी केले असल्यास कृपया मार्ग दाखवावा.

घाई यासाठी की, जुने टेहरी शहर धरणाखाली गेले आणि 5 ऑगस्ट 2025 रोजी मुखबाच्या समोरचे धराली चिखलाखाली गाडले गेले. आपल्याकडचेही अनेक यात्रेकरू त्या वेळी तिकडे अडकले होते. त्या दिवसापासून मला सारखे वाटते की तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी आताच बोलायला हवे.

येत्या ऑक्टोबरात मी मसुरी आणि हरसिल येथे आठ दिवस जाणार आहे. दफनभूमीत प्रवेशासाठी आधी परवानगी काढावी लागते का, मुखबात ओळख कोणामार्फत काढावी आणि हिंदीवर काम भागेल की गढवाली जाणणारा सोबती न्यावा, हे तिकडे जाऊन आलेल्यांनी सांगितल्यास त्याप्रमाणे तयारी करीन. जे सापडेल ते छायाचित्रांसह याच धाग्यावर देईन.