मोल्ड चेंजला अडीच तास जातात, कुठून हात घालू?

बी_शिफ्ट, चाकण

नमस्कार मंडळी. १८० टनाच्या प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर आम्ही गाडीच्या आतले छोटे पार्ट काढतो, क्लिपा, ब्रॅकेट वगैरे. एकाच मशीनवर ११ मोल्ड, म्हणजे साचे, फिरतात. ग्राहक पूर्वी महिन्याचा माल एकदम उचलायचा, आता रोज थोडा थोडा मागतो. त्यामुळे दिवसातून दोनदा तरी मोल्ड उतरवायचा-चढवायचा, आणि दर वेळी सव्वादोन ते अडीच तास मशीन बंद. मालक मॅग्नेटिक प्लेटन (मशीनची मोल्ड बसवायची प्लेट, पण चुंबकानं धरणारी) घेऊ म्हणतात, पण किंमत ऐकून तेच गप्प बसले. पोरं कामचुकार नाहीत हो, घामाघूम होतात. परवा रात्री मोल्ड क्रेनला लटकलेला आणि सेटर (मोल्ड चढवणारा) इजेक्टर रॉड, म्हणजे पार्ट बाहेर ढकलणारा दांडा, शोधत टूलरूममध्ये. मला बघवेना. काय करू?

जुना सेटर

भाऊ, २६ वर्षं मोल्ड चढवले, म्हणून हक्कानं सांगतो. प्लेटनचा विषय आत्ता बाजूला ठेवा. तुमचं दुखणं त्या रॉडमध्ये आहे.

१९५० साली हिरोशिमात माझदाच्या कारखान्यात जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो नेमकं हेच बघत उभे होते. ८०० टनाच्या प्रेसची डाय, म्हणजे तिचा साचा, बदलायची होती आणि एक बोल्ट सापडेना. कामगार धावत गेला, शेजारच्या प्रेसचा लांब बोल्ट आणला आणि कापून बसवला. तेवढा वेळ प्रेस थांबलेली. मशीन बंद ठेवूनच करायची कामं वेगळी आणि मशीन चालू असताना आधीच उरकायची कामं वेगळी, हा विचार तिथूनच सुरू झाला. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनाच्या प्रेसचे चार तास आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले.

एक पूर्ण चेंज मोबाईलवर शूट करा. सेटरला आधी सांगा, तुझी चूक काढायला नाही. घड्याळ जुन्या मोल्डच्या शेवटच्या ओके पीसला सुरू, नव्या मोल्डच्या पहिल्या ओके पीसला बंद. आम्ही केलं तेव्हा पाना प्रत्यक्ष बोल्टवर फिरला तो वेळ अर्धा ताससुद्धा भरला नाही. बाकी सगळं चालणं, शोधणं आणि वाट बघणं.

आमचा सगळ्यात मोठा फायदा क्लॅम्पिंगमध्ये झाला. प्रत्येक मोल्डची बॅक प्लेट वेगळ्या जाडीची, म्हणून दर वेळी नवं पॅकिंग आणि नव्या लांबीचा बोल्ट. आम्ही कमी जाडीच्या प्लेटांना पट्ट्या लावून सगळ्यांची जाडी एक केली. आता एकच क्लॅम्प, एकच बोल्ट. पण घाईत एक विसरू नका: एम१६ बोल्टचे किमान २४ मिलिमीटर आटे प्लेटनमध्ये गेलेच पाहिजेत, आणि क्लॅम्पची मागची बाजू मोल्डकडच्या बाजूपेक्षा किंचित वर हवी. उलटं झालं तर पकड सुटते. आमच्याकडे एकदा मोल्ड खाली आला. माणूस दोन पावलं बाजूला होता म्हणून वाचला.

मटेरियल रूम

दादांनी सांगितलं ते खरं, पण प्लास्टिकचा दाणा विसरू नका. मोल्ड बसला आणि पीसी (पॉलिकार्बोनेट) अजून सुकतोय, असं आमच्याकडे नेहमी व्हायचं. पीसीला १२० अंशांवर तीन-चार तास लागतात, म्हणजे ड्रायर मागचा जॉब चालू असतानाच भरायला हवा. प्लॅनिंगवाल्यांनी मला चार तास आधी चिठ्ठी द्यायची, एवढं ठरल्यावर तो थांबा बंद झाला.

रंगांचा क्रमही लावा: आधी नॅचरल (बिनरंगाचा), मग फिके, शेवटी काळा. काळ्यावरून पांढऱ्यावर आलात की बाहेर काढलेल्या वाया प्लास्टिकच्या लंपांचा ढीग आणि तासभर ठिपके. आणि कळकळीनं सांगते, ॲसिटल आणि पीव्हीसी ही दोन प्लास्टिकं एकाच बॅरलमध्ये (दाणा वितळतो त्या नळीत) कधीही एकामागोमाग चालवू नका. मध्ये पॉलिथिलीननं बॅरल पूर्ण धुवा. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो, बॅरलमध्ये दाब वाढतो.

बी_शिफ्ट, चाकण

पाच आठवड्यांनी लिहितोय. काल एक तास दहा मिनिटं! प्लेटन घेतलं नाही. एक ट्रॉली केली: आय बोल्ट, रॉड, ॲलन की, पाण्याचे पाइप, सगळं त्या मोल्डच्या नावानं. ट्रॉली भरल्याशिवाय जुना जॉब थांबवायचा नाही. पाण्याच्या जोडण्यांना क्विक कपलिंग लावली, आत जाणारी निळी, बाहेरची लाल, आणि प्रत्येक मोल्डवर जोडणीचा फोटो चिकटवला. आधी दर दोन-तीन चेंजला एखादी लाइन उलटी लागायची आणि कव्हर वाकडं यायचं. एक अडचण उरली: रात्री क्यूसीचा (माल तपासणारा) माणूस दुसऱ्या शेडमध्ये असतो, पहिला पीस ओके व्हायला वीस मिनिटं जातात.

जुना सेटर

शाब्बास! वाचून बरं वाटलं. मोल्ड उतरवताना शेवटचा शॉट (एका वेळी निघालेले पीस) रनरसकट, म्हणजे जोडणाऱ्या प्लास्टिकच्या काडीसकट, पिशवीत घालून, तारीख टाकून मोल्डलाच बांधा. पुढच्या वेळी सेटर पहिला पीस त्याच्याशी ताडून बघेल, आणि क्यूसी येईपर्यंतचा माल वेगळ्या क्रेटमध्ये ठेवेल. मशीन चालू राहील. त्याच शॉटवर फ्लॅश (कडेला बाहेर आलेला पातळ पापुद्रा) दिसला, तर मोल्ड रॅकवर न ठेवता सरळ टूलरूमला.