ग्रीव्हन्स : तक्रार की गाऱ्हाणे?

मसुदेकार : वेतनकराराचं मराठी भाषांतर सुरू आहे. एका कलमात 'ग्रीव्हन्स', पुढच्यात 'कंप्लेंट'. दोन्हीकडे 'तक्रार' लिहिलं की घोटाळा होतो. पहिली गोष्ट कंपनीच्या आत पायरीपायरीने वर जाते, दुसरी अनुचित कामगार प्रथेबद्दल न्यायालयात दाखल होते. पहिलीला 'गाऱ्हाणे' लिहिलं, तर आक्षेप आला की ते रडगाणं वाटतं.

कोकणवाट : रडगाणं कसलं? मूळ 'गर्हणा', म्हणजे दोष दाखवणं. कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात, ते तर सरळ मागणं असतं. एक जण बोलतो, बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. संघटनेचा प्रतिनिधी बोलतो तेव्हाही मागे तेच बळ असतं.

शुद्धलेखणी : शिवाय 'तक्रार' अरबी. घरचा शब्द असताना उसना कशाला?

मूळशोध : मग 'करार' कुठला? तोही अरबी. 'अर्ज' आणि 'तारीख'ही. 'कामगार'मधला 'गार' फारसी. हे सगळे काढले तर कलमात उरेल काय? 'तक्रार'चा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे. हिंदीत त्याचं भांडण झालं, आपल्याकडे दाद मागणं. शब्द इथे रुळलाय, त्याला परका म्हणू नका.

खातेवही : वाद मुळाचा नाही, मुदतीचा आहे. अनुचित कामगार प्रथांबद्दलच्या 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात कलम 28 खाली 'कंप्लेंट' 90 दिवसांत करायची असते. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. करारात दोन्हीला एकच शब्द असला, की खातेप्रमुखाकडे कागद दिलेला माणूस समजतो 'तक्रार केली', आणि तिकडे दिवस सरतात. म्हणून दोन शब्द हवेतच.

क्रियापदंही बघा. 'ग्रीव्हन्स' हाताळायच्या 1958 च्या आदर्श कार्यपद्धतीत पहिली पायरी तोंडी आहे : नेमलेल्या अधिकाऱ्याला सांगायचं, त्याने 48 तासांत उत्तर द्यायचं. पटलं नाही तर खातेप्रमुख, 3 दिवस. मग समिती, 7 दिवसांत शिफारस. त्यावर व्यवस्थापनाचा निर्णय 3 दिवसांत. तोंडी गोष्ट आपण 'मांडतो'. 'गाऱ्हाणं मांडणे' इथे चपखल बसतं, 'तक्रार नोंदवणे' पुढच्या टप्प्याला. आणि एक गोष्ट हमखास चुकते : गाऱ्हाणं एखाद्या हुकमाबद्दल असेल, तर आधी हुकूम पाळायचा, मग मांडायचं. काम नाकारून मांडलं, तर मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि हुकूम मोडल्याचं आरोपपत्र हातात पडतं.

मसुदेकार : आणि बडतर्फी?

खातेवही : ती या पायऱ्यांत बसतच नाही. त्याचं वेगळं अपील, आठवड्याच्या आत. तिथे 'गाऱ्हाणे' लिहू नका, 'अपील'च ठेवा.

शुद्धलेखणी : 'अपील'ऐवजी 'पुनर्विचार अर्ज'?

खातेवही : नको. पाळीवरच्या माणसाला 'अपील' कळतं.

कोकणवाट : समितीचं नाव 'गाऱ्हाणे निवारण' की 'निराकरण'?

मूळशोध : निवारण म्हणजे दूर करणं, निराकरण म्हणजे शंकेचं वा आक्षेपाचं खंडन. 'आक्षेपाचं निराकरण' केलं म्हणजे आक्षेप घेणारा चुकला, असाही अर्थ निघतो. कामगाराच्या बाजूने 'निवारण'च बरं.

शुद्धलेखणी : पण बोलताना 'तक्रारीचं निराकरण' सर्रास ऐकू येतं.

मसुदेकार : आणखी एक अडलंय. लेखी पायरीला 'पोच' लिहू की 'पोहोच'?

मूळशोध : मूळ 'पोहोचणे', म्हणून 'पोहोच'.

खातेवही : कचेरीत 'पोच'च म्हणतात, तेच लिहा. शब्दापेक्षा कलमात हे घाला : दोन प्रती, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक, घेणाऱ्याची सही आणि तारीख. नुसती 'मिळाले' लिहून सही असते, तारीख नसते, मग मुदत कधीपासून मोजायची यावरच वाद होतो.

शुद्धलेखणी : 'मिळाले' की 'मिळाला'? अर्ज पुल्लिंगी आहे.

कोकणवाट : गाऱ्हाणं नपुंसकलिंगी. म्हणजे 'मिळाले'च बरोबर.