शेगाव ते सेवाग्राम मदत पदयात्रा: शेवटचे साठ किलोमीटर कसे काढावे?

वाटचाल_आर्वी: सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पेशंटांना दवाखान्यात येण्याजाण्याचा खर्च मिळावा म्हणून निधी गोळा करत आमचा गट शेगावहून निघाला. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, मोझरी, तळेगाव करत आता आर्वीत मुक्काम आहे. पुढे खरांगणा, आंजी, वर्धा, सेवाग्राम. साठेक किलोमीटर उरलेत आणि हाती तीन दिवस आहेत. दोघांच्या टाचेला फोड, एकाच्या अंगठ्याचं नख काळं, एकाची नडगी समोरून ठणकते. तरी पोरं म्हणतात, दोन दिवसांत उरकू. शेवटच्या दिवशी वर्ध्यातून बरेच लोक सोबत चालणार आहेत, सत्कार ११ वाजता. काय सांभाळावं? आणि रोख देणगीच्या पावतीचं कसं?

पायवाट_सिस्टर: भाऊ, तीनचे दोन दिवस करू नका. एवढं चालल्यावर दम वाढलेला असतो, पण स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं तेवढ्या लवकर तयार होत नाहीत. वीसचे एकदम तीस केले की भार त्यांच्यावरच येतो.

फोड लहान असेल तर फोडू नका. टाचेवरचा मोठा, ताणलेला असेल तर साबणाने धुवा, बीटाडीन लावा, पाकिटातली निर्जंतुक सुई घ्या आणि खालच्या कडेला दोन छिद्रं पाडा. हलक्या हाताने पाणी काढा. वरची कातडी मात्र कापू नका, तीच खालच्या कच्च्या जागेचं झाकण आहे. वर व्हॅसलीन लावलेलं गॉज, मग पट्टी. चिकटपट्टी थेट फोडावर लावली की रात्री काढताना कातडी सोबत निघते. शुगरवाल्याने हे स्वतः करू नये. लाली वर सरकली, पू झाला किंवा ताप आला तर चालणं बंद.

काळं नख ठणकत नसेल तर हात लावू नका. ठणकत असेल तर डॉक्टर नखाला छिद्र पाडून साचलेलं रक्त काढतात, लगेच आराम पडतो.

नडगीचं नीट बघा. घोट्याच्या वर समोरच्या बाजूला तळहात ठेवून पाऊल वरखाली करायला सांगा. हाताला करकर लागली तर बहुतेक स्नायूबंध सुजलाय. बुटाची लेस वर घट्ट आवळल्याने हे होतं. वरची दोन भोकं मोकळी सोडा, मुक्कामावर ओलं गार फडकं १५ मिनिटं ठेवा. पण एका बोटाएवढ्या जागी हाडच दुखत असेल, रात्रीही दुखत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर त्याला गाडीत बसवा. अशा हाडाच्या बारीक चिरेत सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, तेवढ्यावर त्याला चालवू नका.

उपाशीपोटी, घामाघूम असताना आयबुप्रोफेन (दुखण्याची गोळी) नको, मूत्रपिंडावर ताण येतो.

कापूसगाडी: शेवटच्या टप्प्यात नवे बूट नकोच. पाय सुजून जुना घट्ट होत असेल तर आतली जाड गादी काढून पातळ टाका.

उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं चालता ना? मग उजवा पाय सतत उतारावर पडतो, गुडघा आणि कंबर त्यानेच धरते. रस्ता मोकळा असला की थोडं आत सपाटीवर या. पहाटे रिफ्लेक्टर जॅकेट पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात हवंच. कापसाच्या गाड्यांचा माल बाहेर आलेला असतो, अंतर धरून चाला. अन् काळ्या मातीतून शॉर्टकट काहून घेता राजेहो, सकाळच्या दवात बुटाला अर्धा किलो चिखल!

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच. अर्ध्या लिटरात गडद करू नये. नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, तोच अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तरी रक्तातलं मीठ उतरतं, मग डोकं जड, मळमळ.

पायवाट_सिस्टर: सत्कार ९ ला घ्या. वर्धा ते सेवाग्राम आठेक किलोमीटर आहे, पहाटे ५ ला निघाले की फोटोबिटो धरून सहज होतं. ११ म्हटलं की १२ वाजतात, डोक्यावर ऊन. नव्या लोकांना मागे ठेवा, ते ताज्या पायाने पळतात आणि जुन्यांना ओढतात. पोचल्यावर लगेच स्टेजवर उभं करू नका. चालणं अचानक थांबलं की रक्त पायांतच साचतं, हार गळ्यात पडता पडता माणूस चक्कर येऊन पडतो. दहा मिनिटं सावकाश फिरवा, मग खुर्ची. भाषणं बसून ऐकवा!

हिशोबनीस: करसवलतीची पावती आयकर खात्याची 80जी नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, तुमचा गट नाही. आणि रोख देणगी ₹2000 च्या वर असेल तर ती सवलतीत धरत नाहीत, मोठी रक्कम यूपीआय किंवा चेकनेच घ्या. देणाऱ्याचं नाव, पत्ता, पॅन आत्ताच लिहून ठेवा, संस्थेला पुढे देणगीचं प्रमाणपत्र काढताना लागतं. डब्यातली रोकड रोज मुक्कामावर दोघांनी मोजून सही करायची आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. शेवटच्या दिवशीची रक्कम स्टेजवर जाहीर करायची घाई नको. गर्दीत यूपीआयच्या नोंदी दोनदा मोजल्या जातात.

वाटचाल_आर्वी: तीनच दिवस ठरलं. नडगीवाल्याला बोटाएवढ्या जागीच दुखतंय, तो उद्या गाडीत. सत्काराची वेळ बदलायला आता फोन करतो.